विश्लेषण : घोड्याचा ट्रेलर ओढायला वेगळं लायसन्स कशाला? जर्मनीतल्या ‘बीई’ परीक्षेची तयारी कशी करतात?

कार चालवता येते, लायसन्स आहे, हायवेची सवय आहे. तरीही कारच्या मागे घोड्याचा ट्रेलर जोडला की जर्मनीत अनेकदा हे लायसन्स पुरत नाही. त्यासाठी ‘बीई’ नावाचा वेगळा वर्ग आहे आणि त्याची स्वतंत्र प्रात्यक्षिक परीक्षा आहे. दुसरीकडे, ब्रिटनने हीच परीक्षा २०२१ मध्ये रद्द करून टाकली. मग ही परीक्षा खरंच गरजेची आहे का? तिच्यात नेमकं काय तपासतात? आणि तयारी करायची तर सुरुवात कुठून करायची?

जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली मुलंही तिथल्या रायडिंग क्लबमध्ये घोडेस्वारी शिकतात. छंद वाढला, स्पर्धा सुरू झाल्या की घोडा एका गावातून दुसऱ्या गावात न्यायचा प्रश्न येतो. तिथे तो बहुतेकदा ट्रकमधून नाही, तर घरच्या कारमागे जोडलेल्या दोन घोड्यांच्या ट्रेलरमधून जातो. त्यामुळे हा विषय फक्त व्यावसायिक ड्रायव्हरचा राहत नाही, आई-बाबांचाही होतो. सविस्तर समजून घेऊया.

नेमकं कोणतं लायसन्स लागतं?

जर्मनीत कारचं साधं लायसन्स म्हणजे ‘बी’ वर्ग. या लायसन्सवर ७५० किलोपर्यंतचा छोटा ट्रेलर ओढता येतो. ट्रेलर त्याहून मोठा असेल, तर कार आणि ट्रेलर यांचं मिळून कमाल मान्य वजन ३,५०० किलोच्या आत असावं लागतं.

त्यानंतरची पायरी ‘बी ९६’. यात दोघांचं मिळून वजन ४,२५० किलोपर्यंत चालतं. यासाठी परीक्षा नाही, फक्त किमान सात तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

त्याच्याही वर ‘बीई’. यात ट्रेलरचं स्वतःचं कमाल मान्य वजन ३,५०० किलोपर्यंत असू शकतं. यासाठी लेखी परीक्षा नाही, मात्र प्रात्यक्षिक परीक्षा द्यावीच लागते. ‘बी’ वर्गाचं लायसन्स आधी असणं किंवा त्यासोबत काढणं आवश्यक आहे.

इथे भारतीयांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यावर भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं. त्यानंतर लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा देऊन जर्मन लायसन्स घ्यावं लागतं. म्हणजे पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही आधी ‘बी’ आणि मग ‘बीई’ असाच प्रवास करावा लागतो.

वजनाचं गणित कसं करायचं?

तयारीची पहिली पायरी स्टिअरिंगवर नाही, कागदावर आहे. गाडीच्या नोंदणीपत्रात, म्हणजे आपल्याकडच्या आरसी बुकसारख्या कागदात, दोन रकाने शोधायचे. ‘एफ.२’ या रकान्यात गाडीचं कमाल मान्य वजन असतं. ‘ओ.१’ या रकान्यात ती गाडी ब्रेक असलेला किती वजनाचा ट्रेलर ओढू शकते, ते असतं. ट्रेलरच्या नोंदणीपत्रातही त्याचं कमाल मान्य वजन आणि रिकामं वजन दिलेलं असतं.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, कारचं कमाल मान्य वजन २,३०० किलो आहे आणि तिची ओढण्याची क्षमता २,००० किलो. ट्रेलरचं कमाल मान्य वजन २,४०० किलो, तर रिकामं वजन ८५० किलो.

पहिला प्रश्न लायसन्सचा. २,३०० अधिक २,४०० म्हणजे ४,७०० किलो. हा आकडा ४,२५० च्या पुढे गेला, म्हणजे ‘बीई’ हवंच. लक्षात घ्या, लायसन्स ठरवताना कागदावरचं कमाल वजन मोजतात, ट्रेलर रिकामा आहे की भरलेला हे पाहत नाहीत.

दुसरा प्रश्न गाडीच्या क्षमतेचा. इथे मात्र प्रत्यक्ष वजन मोजतात. एक घोडा ६०० किलोचा, सोबत खोगीर, चारा, पाणी मिळून १०० किलो. ट्रेलर धरून १,५५० किलो झाले. २,००० च्या आत, म्हणजे चालेल. आता दुसराही ६०० किलोचा घोडा चढवला. वजन २,१५० किलो. ट्रेलरच्या मर्यादेत ते बसतं, लायसन्सच्या मर्यादेतही बसतं, पण कारच्या क्षमतेबाहेर गेलं. म्हणजे ‘बीई’ पास झालेला माणूसही त्या दिवशी बेकायदा आणि धोकादायक गाडी चालवत असेल.

तिसरा आकडा अनेकांच्या नजरेतून सुटतो. ट्रेलरचा पुढचा दांडा कारच्या टो-बारवर किती भार टाकतो, त्याचीही मर्यादा असते. बऱ्याच गाड्यांत ती ७५ ते १०० किलोच्या आसपास असते. कार आणि ट्रेलर यांपैकी ज्याची मर्यादा कमी, ती पाळायची. हा भार मर्यादेपेक्षा जास्त झाला तर कारची मागची बाजू दबते आणि पुढची चाकं हलकी होतात. फारच कमी झाला तर ट्रेलर वेगात असताना डुलायला लागतो. त्यामुळे मर्यादा न ओलांडता तिच्या जवळपास राहणं चांगलं.

परीक्षेआधी किती सराव बंधनकारक आहे?

‘बीई’साठी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पाच विशेष सराव फेऱ्या बंधनकारक आहेत. त्यांतल्या तीन गावाबाहेरच्या रस्त्यांवर, एक ऑटोबानवर आणि एक अंधारात. प्रत्येक फेरी ४५ मिनिटांची असते. याशिवाय जोडणी, रिव्हर्स आणि शहरातलं ड्रायव्हिंग यांचा सराव गरजेनुसार होतो. त्याचे तास ठरलेले नाहीत, शिकणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहेत.

परीक्षेसाठी कोणताही ट्रेलर चालत नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार तो बंद पेटीसारखा हवा, साधारण कारइतका रुंद आणि उंच. त्याचं प्रत्यक्ष वजन किमान ८०० किलो असावं लागतं. कारण सरळ आहे. उघड्या, बुटक्या ट्रेलरवरून मागचं सगळं दिसतं. बंद ट्रेलर जोडला की आतला आरसा निरुपयोगी होतो आणि सगळं काम बाहेरच्या दोन आरशांवर येतं. परीक्षकाला तेच पाहायचं असतं.

परीक्षेत नेमकं काय विचारतात?

परीक्षा तांत्रिक तपासणी संस्थेचा परीक्षक घेतो. तो मागच्या सीटवर बसतो. शेजारी ड्रायव्हिंग स्कूलचा प्रशिक्षक असतो आणि त्याच्या पायाखाली जादा ब्रेक असतो. परीक्षेचे ढोबळमानाने चार भाग असतात.

• निघण्याआधीची तपासणी : टायर, दिवे, ब्रेक, जोडणी, दारं आणि माल.
• ट्रेलर जोडणं आणि सोडणं : ठरलेल्या क्रमाने.
• रिव्हर्स : डावीकडच्या कोपऱ्यावरून ट्रेलर मागे वळवणं.
• प्रत्यक्ष रस्ता : गावात, गावाबाहेर आणि शक्य असेल तिथे ऑटोबानवर.

जोडणीचा क्रम इतका महत्त्वाचा का?

कारण इथली चूक लगेच दिसत नाही. ट्रेलर अर्धवट बसलेला असला तरी पार्किंगमधून बाहेर पडतो, पहिला सिग्नलही पार करतो. तो सुटतो एखाद्या गतिरोधकावर किंवा उतारावर.

कारच्या मागे ५० मिलिमीटर व्यासाचा लोखंडी गोळा असतो. ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला त्यावर बसणारी वाटी असते. ती गोळ्यावर पूर्ण बसून आतली कडी लागली की बहुतेक जोडण्यांवर हिरवी खूण दिसते. पण फक्त खुणेवर विसंबायचं नाही. पुढचं आधाराचं चाक फिरवून दांडा थोडा वर उचलायचा. कारची मागची बाजूही सोबत उचलली गेली, तर जोडणी पक्की.

जोडण्याचा क्रम साधारण असा लक्षात ठेवतात :

१. ट्रेलरचा हँडब्रेक ओढलेला आणि चाकांखाली ठोकळे आहेत, याची खात्री.
२. कार मागे घेऊन गोळा वाटीखाली आणणं, दांडा खाली उतरवणं.
३. खूण पाहणं आणि दांडा उचलून खात्री करणं.
४. सुरक्षा वायर कारला अडकवणं.
५. दिव्यांचा प्लग लावणं.
६. आधाराचं चाक पूर्ण वर घेऊन घट्ट करणं.
७. ठोकळे काढणं, हँडब्रेक सोडणं.
८. इंडिकेटर, ब्रेक लाइट, टायर आणि दारं तपासणं.

यातली सुरक्षा वायर दिसायला किरकोळ, पण सर्वांत महत्त्वाची. चालत्या गाडीत ट्रेलर सुटलाच, तर ही वायर ताणली जाते आणि ट्रेलरचा हँडब्रेक आपोआप ओढला जातो. ती अडकवायला विसरलात, तर सुटलेला ट्रेलर थांबवायला काहीच उरत नाही.

सोडताना पहिलं काम एकच : ट्रेलरचा हँडब्रेक आणि ठोकळे. त्यानंतर प्लग, वायर, आधाराचं चाक आणि सर्वांत शेवटी जोडणी. घाईत आधी जोडणी उघडली आणि जमीन थोडी जरी उताराची असली, तर टनभर वजन स्वतःहून चालायला लागतं. हाताने ते थांबत नाही.

रिव्हर्स एवढा अवघड का वाटतो?

आपल्या गावाकडे ज्याने दोन चाकांची ट्रॉली ट्रॅक्टरने मागे घेतली आहे, त्याला हे सांगावं लागणार नाही. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते. कार मागे येताना दांड्याला ढकलते आणि ट्रेलर आपल्या चाकांभोवती फिरतो, म्हणून दिशा उलटी होते.

यावर शिकवणारे एक सोपी युक्ती सांगतात. हात स्टिअरिंगच्या वर नाही, तळाशी धरायचा. आता ट्रेलरचं मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं, त्याच बाजूला हात न्यायचा. डोक्यातलं ‘उलटं’ गणित संपतं.

पुढची अडचण वेळेची. ट्रेलर वळायला लागला की स्टिअरिंग तसंच धरून ठेवलं तर तो वळतच राहतो आणि शेवटी कारला कोनात अडकतो. म्हणून वळण सुरू झालं की लगेच स्टिअरिंग परत आणून कार त्याच्या मागोमाग न्यायची. लहान ट्रेलर पटकन प्रतिसाद देतो, त्यामुळे तो मागे घेणं उलट जास्त कठीण. लांब ट्रेलर सावकाश वळतो आणि चूक सुधारायला वेळ देतो.

परीक्षेत डावीकडचाच कोपरा का? जर्मनीत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि ड्रायव्हर डावीकडे बसतो. ट्रेलर डावीकडे वळला की त्याचं मागचं टोक ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात आणि खिडकीतून दिसत राहतं. उजवीकडे वळला तर ते ट्रेलरच्याच आड जातं. रोजच्या व्यवहारातही शक्य तेव्हा आपल्या दिसणाऱ्या बाजूला वळूनच मागे घ्यावं.

सराव करताना घाईने वेग वाढवणं ही सर्वसाधारण चूक. क्लचवर, माणसाच्या चालीपेक्षाही हळू जायचं. बिघडतंय असं वाटलं की थांबायचं, थोडं पुढे घेऊन सरळ करायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. मोकळ्या मैदानात दोन शंकू ठेवून आधी नुसतं सरळ मागे यायचा सराव करावा, मग कोपऱ्याचा.

रस्त्यावर काय बदलतं?

ट्रेलर जोडलेल्या कारला जर्मनीत गावाबाहेर आणि ऑटोबानवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. काही अटी पूर्ण केल्या आणि तशी मंजुरी घेतली, तर ऑटोबानवर ताशी १०० किलोमीटर चालतात. या अटींत ट्रेलरचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने नसावेत, हीसुद्धा एक अट आहे.

टायरचं वय कसं ओळखायचं? टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे पाहा. ‘२३१९’ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. हे तुमच्या कारच्या टायरवरही असतं. घोड्याचे ट्रेलर वर्षातले बरेच दिवस उभेच असतात. त्यामुळे नक्षी शाबूत, पण रबर कडक होऊन तडे गेलेले, असं त्यांच्यात नेहमी दिसतं.

८० आणि १०० मधला फरक २० चाच वाटतो. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्या हिशोबाने १०० च्या वेगात थांबवायची ऊर्जा ८० च्या तुलनेत ५६ टक्क्यांनी जास्त असते. मागे दोन टन असताना हे ५६ टक्के किरकोळ राहत नाहीत.

या ट्रेलरचे ब्रेक कारच्या पेडलला जोडलेले नसतात. कार हळू झाली की मागचा ट्रेलर पुढे ढकलला जातो, दांडा आत दबतो आणि त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. म्हणून ब्रेक लवकर आणि हळूहळू दाबायचा. वळणावर ट्रेलरची चाकं कारच्या चाकांपेक्षा आतून जातात. त्यामुळे कार थोडी बाहेरून घ्यायची, नाहीतर मागचं चाक फुटपाथवर चढतं.

सर्वांत भीतीदायक प्रसंग म्हणजे ट्रेलर डुलायला लागणं. कारणं बहुतेकदा जास्त वेग, वजनाची चुकीची मांडणी, बाजूचा वारा किंवा शेजारून गेलेला मोठा ट्रक ही असतात. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग स्थिर धरायचं आणि वेग कमी होऊ द्यायचा. डुलण्याच्या विरुद्ध स्टिअरिंग फिरवायला गेलात तर आपला हात नेहमी थोडा उशिरा पोहोचतो आणि डुलणं वाढतं. वेग वाढवून ट्रेलर ‘सरळ’ करण्याचा प्रयत्न तर कधीच नाही.

परीक्षेत घोडा नसतो, मग त्याची तयारी?

हा या परीक्षेचा सर्वांत मोठा रिकामा कोपरा. परीक्षेच्या ट्रेलरमधलं वजन हलत नाही. घोडा मात्र ५००-६०० किलोचा जिवंत प्राणी आहे. तो चार पायांवर उभा असतो, त्याचा गुरुत्वमध्य उंच असतो आणि प्रत्येक वळणाला, प्रत्येक ब्रेकला तो तोल सावरत असतो. पुढे सिग्नल लाल होणार आहे, हे त्याला माहीत नसतं.

म्हणून जाणकार सांगतात, डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला आहे असं समजून चालवा. वळण पूर्ण संपून ट्रेलर सरळ होईपर्यंत वेग वाढवू नका. कार सरळ झाली तरी ट्रेलर अजून वळणातच असतो.

घोडा चढवण्या-उतरवण्याचेही काही पक्के नियम आहेत :

• ट्रेलर कारला जोडलेला नसताना घोडा कधीही चढवायचा नाही. मागच्या बाजूला वजन आलं की ट्रेलर उलटा उचलला जातो.
• चढवल्यावर आधी मागचा आडवा दांडा लावायचा, मगच तोंडाची दोरी बांधायची.
• उतरवताना उलट. आधी दोरी सोडायची, मगच मागचा दांडा काढायचा. दांडा आधी काढला आणि घोडा मागे सरकला, तर दोरीचा हिसका बसतो आणि तो घाबरून जोर लावतो.
• एकच घोडा असेल तर तो रस्त्याच्या मधल्या बाजूला, म्हणजे जर्मनीत डावीकडे उभा करायचा. रस्ता कडेकडे उतरता असतो, वजन त्या बाजूला गेलं तर ट्रेलर कलतो.
• प्रवासात माणसाने ट्रेलरमध्ये बसायचं नाही. घोडा कितीही शांत असला तरी.
• जमिनीची फळी नियमित तपासायची. लाकडी फळ्या मूत्र आणि ओलाव्याने खालून कुजतात, वरच्या रबरी चटईमुळे ते दिसत नाही.

ट्रेलर-सराव पूर्ण झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या ट्रेलरची, दुसरी वजन भरून आणि तिसरी शांत स्वभावाच्या एका घोड्यासोबत, ओळखीच्या रस्त्यावर अशी चढती मांडणी ठेवली तर ड्रायव्हर आणि घोडा दोघांनाही सवय होते.

ब्रिटनने ही परीक्षा रद्द का केली?

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १ जानेवारी १९९७ नंतर कारचं लायसन्स काढलेल्यांना मोठा ट्रेलर ओढण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत असे. १६ डिसेंबर २०२१ पासून ही अट काढून टाकण्यात आली. आता तिथे कारच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो.

यामागचं कारण ट्रेलरशी संबंधित नव्हतं. त्या वर्षी ब्रिटनमध्ये ट्रकचालकांचा मोठा तुटवडा होता. पेट्रोल पंपांपासून सुपरमार्केटपर्यंत पुरवठा अडखळला होता. कार-ट्रेलरची परीक्षा बंद केली, तर तेच परीक्षक ट्रकचालकांच्या परीक्षा घेऊ शकतील आणि वर्षाला ३० हजारांपर्यंत जादा परीक्षा होतील, असं सरकारने सांगितलं.

या निर्णयावर टीकाही झाली. जानेवारी २०१४ मध्ये ब्रिस्टल शहरात एका गाडीपासून सुटलेला दोन टनांचा ट्रेलर फुटपाथवर चढला आणि त्यात तीन वर्षांच्या मुलाचा जीव गेला. त्यानंतर ट्रेलर सुरक्षेसाठी मोहीम उभी राहिली आणि २०१८ च्या कायद्यात ट्रेलर अपघातांचा अहवाल देणं सरकारवर बंधनकारक झालं. ज्या जोडणीच्या तपासणीवर ही मोहीम भर देत होती, तीच तपासणी शिकवणारी परीक्षा तीन वर्षांनी गेली.

परीक्षा गेली तरी ब्रिटनमध्ये नियम गेले नाहीत. वजनाच्या मर्यादा, सुरक्षा वायर, आरसे, वेगमर्यादा सगळं तसंच आहे. ट्रेलर जोडलेल्या कारला एकेरी मार्गिकांच्या रस्त्यावर ताशी ५० मैल आणि मोटरवेवर ताशी ६० मैलांची मर्यादा आहे. प्रशिक्षण आता ऐच्छिक आहे आणि ते घ्यावं, असा सरकारचा सल्ला आहे. फरक इतकाच की ते घेतलं की नाही, हे आता कोणी तपासत नाही.

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडे कारमागे घोड्याचा ट्रेलर जोडून नेण्याची पद्धत फारशी रुळलेली नाही. रेसकोर्सचे घोडे खास बांधणीच्या गाड्यांतून जातात. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडे ट्रक, टेम्पो आणि पिकअपमधून येतात. घोड्यांच्या वाहतुकीसाठी १९७८ चे प्राणी वाहतूक नियम आहेत. त्यांत प्रवासाआधी पशुवैद्यकाचा दाखला, एका मालवाहू गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे नकोत, सोबत देखभाल करणारा माणूस हवा आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नको, अशा तरतुदी आहेत.

ट्रेलर ओढण्याचा आपला मोठा अनुभव मात्र ट्रॅक्टर-ट्रॉलीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात ट्रॅक्टर चालवण्याचं लायसन्स असलेल्याने ट्रेलर जोडला म्हणून ते लायसन्स निरुपयोगी ठरत नाही, असा निकाल दिला. म्हणजे जोडणी, रिव्हर्स आणि सुटण्याचा धोका यांची वेगळी परीक्षा आपल्याकडे द्यावी लागत नाही.

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जाताना पाहणाऱ्या कोणालाही हा प्रश्न परका वाटणार नाही. जोडणीची पिन, तिच्यातली क्लिप, मागचे रिफ्लेक्टर हे तिथेही पाहायचे असतात. अनेक चालक ते अनुभवाने आणि चोख करतात. पण नव्याने ट्रॅक्टरवर बसलेल्या मुलाला ते कोणी शिकवलं का, हे विचारणारी व्यवस्था नाही.

थोडक्यात, तयारी कशी करावी?

• पहिला आठवडा कागदांचा : दोन्ही नोंदणीपत्रं काढा, एफ.२, ओ.१ आणि टो-बारवरच्या भाराचे आकडे एका कागदावर लिहा. तो कागद गाडीतच ठेवा.
• जोडणीचा आठ पायऱ्यांचा क्रम मोठ्याने बोलत करा. परीक्षकालाही तुम्ही काय तपासताय ते ऐकायला मिळतं आणि पायरी सुटत नाही.
• रिव्हर्सचा सराव सलग दोन तास करण्यापेक्षा रोज वीस मिनिटं करा. थकलेला माणूस स्टिअरिंग जास्त फिरवतो.
• अंधारातली फेरी गांभीर्याने घ्या. स्पर्धांसाठी पहाटे निघावं लागतं, तेव्हा हेच कामाला येतं.
• निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी सुरक्षित जागी थांबून जोडणी, प्लग, दारं आणि घोडा पुन्हा पाहा.

शेवटचा मुद्दा परीक्षेच्या गुणपत्रिकेत नसतो, पण लायसन्स मिळाल्यानंतर सर्वाधिक उपयोगी पडतो. परीक्षेत तपासणी आपण करतो, कारण मागे परीक्षक बसलेला असतो. पन्नासाव्या फेरीला, पावसात, उशीर झालेला असताना मागच्या सीटवर कोणी नसतं. त्या दिवशी दांडा वर उचलून जोडणी पाहायला लागणारा अर्धा मिनिट आपण देतो की नाही, यावर मागच्या घोड्याची आणि फुटपाथवरून चालणाऱ्याची सुरक्षा ठरते. जर्मनीत ही सवय लागावी म्हणून परीक्षा घेतात. जिथे परीक्षा नाही, मग ते ब्रिटन असो वा आपला उसाचा रस्ता, तिथे ही सवय चालकाला स्वतःच लावून घ्यावी लागते.